मोहाची माणसं

मिदेल्तच्या बाजारात गास्तोंनी ताकाचा तिसरा पेला तोंडाला लावला, तेव्हाच त्यांच्या बायकोनं, ओदेतबाईंनी, डोळे वटारले होते. पण नवरा बेल्जियमचा असो नाहीतर मिदेल्तचा, बायकोनं डोळे वटारले की त्याला तहान जास्तच लागते. त्यातून बसचा म्हातारा ड्रायव्हर, बा जिलाली, शेजारी उभा राहून आग्रह करत होता. डोंगरातलं ताक आहे, पोटाला थंड असतं, घ्या अजून. साहेबांना भाषा कळत नव्हती, पण आग्रह कोणालाही कळतो.

बस फेस शहराहून निघाली होती वाळवंटाकडे. आत बेल्जियमचे डझनभर निवृत्त मास्तर आणि मास्तरणी, आणि त्यांना सांभाळणारा गाइड मोहा. मोहा तसा गुणी मुलगा, पण शिकवायची खोड भारी. पहिल्याच दिवशी त्यानं मंडळींना इथल्या रीतीभाती समजावून सांगितल्या. कुणाच्या दारात रिकाम्या हातानं जायचं नाही. यजमानानं पुढं केलेलं नाकारायचं नाही, त्याचा अपमान होतो. बायकांनी जीभ हलवून आनंदाची हाळी दिली, की आपणही तशीच द्यायची. ही हाळी तर त्यानं हॉटेलच्या गच्चीवर त्यांच्याकडून इतकी घोटून घेतली, की शेजारचे लोक लग्न कुणाचं म्हणून विचारायला आले. आता ही सगळी माणसं जन्मभर वर्गात ‘लक्ष द्या’ म्हणून ओरडलेली. त्यामुळे कुणी शिकवायला लागलं की लक्ष देणं त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं होतं.

खरेदीचंही तसंच. फेसमध्ये सगळ्यांनी टोपीवाले पांढरे पायघोळ झगे घेतले, आणि डोंगरात थंडी लागल्यावर ते अंगात चढवले. बायकांनी हातभर मेंदी काढून घेतली. संगीत शिकवणाऱ्या एका बाईंनी डफ घेतला होता, तो त्या झोपतानाही खाली ठेवत नव्हत्या. आणि आज सकाळी मिदेल्तच्या बाजारात निळ्या कागदात गुंडाळलेल्या साखरेच्या टोकदार ढेपा पाहून मंडळी हरखून गेली. प्रत्येकानं एकेक घेतली. घरी नेऊन कपाटात मांडणार म्हणे. साखर काय कपाटात मांडायची वस्तू आहे? पण गिऱ्हाईक खूश आहे ना, मग आपण कशाला बोला, म्हणून मोहा गप्प बसला. त्याचं डोकं तेव्हाच चालायला हवं होतं.

कारण आमच्या मुलखात साखरेची एक ढेप घेऊन कुणी आला तर तो पाहुणा. पण दहाबारा वयस्कर माणसं, अंगात पांढरे झगे, हातांना मेंदी, सोबत डफ आणि प्रत्येकाच्या काखेत ढेप, असं दिसलं तर ती मुलीला मागणी घालायला आलेली मंडळी. हे शेंबडं पोरही सांगेल.

मिदेल्त मागं पडलं आणि ताकानं आपलं काम सुरू केलं. गास्तों आधी गप्प झाले, मग पिवळे पडले, मग त्यांनी पुढच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी धरली. ओदेतबाई पुढं येऊन मोहाला म्हणाल्या, की ह्यांना संडास पाहिजे आणि आत्ता पाहिजे. मोहाच्या तोंडून सवयीनं निघालं, "पाच मिनिटं, बाई."

"तुमची पाच मिनिटं आता मला चांगली माहीत झालीत," ओदेतबाई म्हणाल्या.

एवढ्यात बा जिलालीनं वेग कमी केला आणि बस सफरचंदाच्या बागांकडं, ताझरूत गावात वळवली. मोहाच्या पोटात गोळा आला. खरं तर गास्तोंपेक्षा मोठा.

"बा, इथं नको. का नको, ते तुला ठाऊक आहे."

"मला एवढंच ठाऊक आहे, की मागची सीट मला धुवावी लागेल," बा जिलाली म्हणाला, आणि त्यानं वरातीच्या गाडीसारखा हॉर्न वाजवत उतार घेतला.

ते ‘का’ सगळ्या रस्त्याला माहीत होतं. ताझरूतच्या शाळेत इत्तो नावाची मुलगी लहान पोरांना शिकवायची. पूर्वी मोहाच्या सगळ्या सहली तिथं चहाला थांबत. पुढं पुढं चहा संपायचा आणि मोहाचं नि इत्तोचं बोलणं संपायचं नाही. इत्तोच्या बापाच्या, हम्मूच्या, ते ध्यानात आलं. तो काही वाईट बोलला नाही. एवढंच म्हणाला, "पोरा, यायचं तर तुझी माणसं घेऊन ये. नाहीतर येऊ नकोस." चुकीचं काय त्यात? मागणी घालायला मुलगा एकटा येत नाही, त्याचे वडीलधारे येतात. पण मोहाला माणसंच नव्हती. तो मेकनेसच्या अनाथाश्रमात वाढलेला. आणायचं कुणाला? त्या दिवसापासून ताझरूत आलं, की तो बसच्या दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून डोंगर बघायचा. आणि आता तर कानावर आलं होतं, की मिदेल्तच्या एका बागाइतदाराची माणसं सफरचंदांची तोडणी उरकली की इत्तोला मागणी घालायला येणार. रस्त्याच्या कडेला भरलेल्या पेट्यांच्या थप्प्या लागल्या होत्या. त्या बघून मोहाला रडू येई.

गावातलं पहिलं घर हम्मूचंच. बस थांबायच्या आत गास्तोंनी उडी मारली. पण काय ते संस्कार! अशा अवस्थेतही रिकाम्या हातानं जायचं नाही हे त्यांना आठवलं. परत चढले, साखरेची ढेप घेतली आणि मग पळाले. एक जण घरात गेला तर बाकीच्यांनी गाडीत बसून राहणं बरं दिसत नाही, म्हणून बाकीचेही आपापली ढेप घेऊन उतरले. संगीताच्या बाईंनी सहज डफावर थाप मारली.

हम्मूची बायको फाद्मा गच्चीवर मिरच्या वाळत घालत होती. तिनं खाली पाहिलं. पांढरे झगे, मेंदी, डफ, निळ्या ढेपांची रांग, आणि सगळ्यांत मागं ‘थांबा, थांबा’ करत येणारा मोहा. लग्नाची मुलगी घरात असलेली कुठलीही आई जे करील तेच तिनं केलं. मान वर करून कानठळ्या बसतील अशी आनंदाची हाळी दिली. बेल्जियमची मंडळी जागच्या जागी थांबली. एकमेकांकडं पाहिलं. हा धडा तर आपला पाठ आहे! आणि गच्चीवर घोटून घेतलेली हाळी त्यांनी एका सुरात परत दिली. मग शेजारची गच्ची ओरडली, मग पलीकडची. बघता बघता अर्धा गाव हम्मूच्या दारात.

दारात गास्तोंची गाठ हम्मूशीच पडली. त्यांनी ढेप त्याच्या हातात दिली, पोट धरलं आणि डोळ्यांत पाणी आणून काहीतरी विनवलं. मुलाकडचा म्हातारा भावनेनं गहिवरलाय असं हम्मूला वाटलं. त्यानं त्यांना छातीशी घट्ट धरलं. गास्तोंना त्या घडीला मिठी मुळीच परवडणारी नव्हती. नशीब, एका शेजाऱ्यानं त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखलं आणि मागच्या अंगणातला संडास दाखवला.

आत गालिचे अंथरले गेले. ढेपा कोपऱ्यात रचल्या. आता आमच्या या डोंगरात मागणीचं उत्तर तोंडानं देत नाहीत. आणलेली साखर फळीवर गेली, की समजायचं नकार आहे, चहा पिऊन निघा. आणि स्वयंपाकघरातून ढेप फोडल्याचा हातोडीचा आवाज आला, की त्याच साखरेचा चहा येणार, म्हणजे होकार. ढेपा कोपऱ्यात होत्या, म्हणजे अजून काहीच ठरलं नव्हतं. मोहाला दरदरून घाम फुटला. खरं सांगावं तर हम्मूला वाटणार, पोरानं परदेशी लोकांना घेऊन आपल्या मुलीची थट्टा केली. मग हे दार कायमचं बंद. न सांगावं, तर सगळ्यात खोटेपणा.

"काका, जरा बाजूला येता? एक सांगायचंय."

"गप बस," हम्मू म्हणाला. "अशा बैठकीत मुलानं बोलायचं नसतं. माणसं आणलीस ना? ती बोलतील."

मग कळलं, की माणसांना फक्त फ्रेंच येतं, आणि ते समजावून सांगणारा बैठकीत मोहाशिवाय कुणी नाही. माणसं परदेशातली का असेनात, वडीलधारी तर होती. हम्मूनं दाढी खाजवली. असा पेच त्याच्या बापजाद्यांनाही पडला नव्हता. शेवटी त्यानं मोहाला बजावलं, की ते म्हणतील तेच सांग, पदरचं घालू नकोस. आणि वयानं मोठ्या दिसणाऱ्या ओदेतबाईंना विचारायला लावलं, की हा मुलगा कसा आहे.

मोहानं घसा खाकरून फ्रेंचमध्ये विचारलं, "बाई, घरमालक विचारतायत, मी कसा आहे."

सहल संपताना गाइडबद्दल मत विचारतात, हे ओदेतबाईंना ठाऊक होतं. यांच्याकडं ते आधीच विचारत असतील. त्या जन्मभर मुख्याध्यापिका. प्रगतिपुस्तक भरायचं म्हटलं, की त्यांचा कणा ताठ व्हायचा. त्या म्हणाल्या, की मुलगा वेळेच्या बाबतीत अगदी कच्चा आहे. पाच मिनिटं म्हणतो आणि तासभर लावतो. गाणं बेसूर. मग जरा थांबून म्हणाल्या, "पण फेसच्या बाजारातल्या पायऱ्यांवर माझे गुडघे गेले, तेव्हा हा माझ्याजवळ बसून राहिला, आणि यानं सगळ्यांना सांगितलं, की स्वतःच्याच पायात काटा गेलाय. माझी लाज राखली. माझ्या पोटच्या पोरालाही हे सुचलं नसतं."

हम्मूनं मोहाकडं पाहिलं. "काय म्हणतात?"

"म्हणतात, मुलगा वेळेचा थोडा कच्चा आहे. पाच मिनिटं म्हणतो आणि... अर्धा तास लावतो." मोहा जमिनीकडं बघत म्हणाला. "गाणं बरं नाही."

"एवढंच? इतका वेळ बोलल्या की त्या."

"एवढंच."

घामाच्या धारांत मोहा एक गोष्ट साफ विसरला होता. इत्तो शाळेत पोरांना फ्रेंचच शिकवायची. पडदा बाजूला झाला आणि ती हात धुवायचं तस्त घेऊन बाहेर आली. बापाकडं बघून म्हणाली, "बाबा, याचं ऐकू नका. यानं दोष निम्म्यावर आणले आणि गुण सगळाच गिळला." आणि पायऱ्यांची नि काट्याची गोष्ट तिनं जशीच्या तशी सांगितली.

"का गिळलास रे?" हम्मूनं विचारलं.

"स्वतःचं कौतुक स्वतःच्या तोंडानं कसं सांगू, काका?" आणि एकदा तोंड उघडलं तसं मोहाला राहवेना. "आणि गिळलेलं अजून बरंच आहे. ही माझी माणसं नाहीत. हे सहलीचे लोक आहेत. त्या म्हाताऱ्या साहेबांचं पोट बिघडलं, संडासाला थांबलो. साखर ते बेल्जियमला कपाटात मांडणार होते. मला माणसं नाहीत, काका. असती तर दोन वर्षांपूर्वीच आणली असती."

 ओदेतबाईंनी इत्तोला विचारलं, हा मुलगा रडतोय का. इत्तोनं त्यांना फ्रेंचमध्ये सगळं सांगितलं, साखरेपासून बागाइतदारापर्यंत. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग मोहाला म्हणाल्या, की आता मी बोलते ते न गाळता सांग.

"फेसपासून हा मुलगा गाडीत चढताना दर वेळी आम्हाला मोजतो. एक जण कमी असला तर गाडी सोडत नाही, धावत शोधायला जातो. आमची पोरं नाताळला तरी आम्हाला मोजतात का, देव जाणे. यांना मुलाकडची माणसं पाहिजेत ना? मग आम्ही आहोत. लग्नाला बोलवा, येऊ. स्वतःच्या पैशानं येऊ."

मोहानं शब्दन् शब्द सांगितला. सांगताना तो दोनदा अडखळला, तेव्हा इत्तोनं पुढचा शब्द सुचवला. एवढ्यात मागच्या दारातून गास्तों परत आले. चेहरा पांढराफटक, पण मुक्त झालेल्या माणसाचा. त्यांना काहीच माहीत नव्हतं. सगळे आपल्याकडं बघतायत असं पाहून त्यांनी छातीवर हात ठेवला आणि मोहानं शिकवला होता तसा वाकून नमस्कार केला. हम्मूला हसू आवरेना, पण त्यानं ते दाढीत लपवलं. मुलीच्या बापानं लगेच हो म्हणायचं नसतं, म्हणून गंभीर होऊन तो म्हणाला, की ठीक आहे, आम्ही चार दिवस विचार करतो आणि मग कळवतो.

स्वयंपाकघरातून आवाज आला. ठक्. मग पुन्हा ठक्. कोपऱ्यातली वरची ढेप कधीच गायब झाली होती, आणि इत्तोही.

"आता मी काय कपाळ विचार करणार," हम्मू म्हणाला, आणि त्यानं मोहाला जवळ ओढून घेतलं. फाद्मानं पुन्हा हाळी दिली, बेल्जियमकरांनी परत दिली, आणि डफवाल्या बाईंना अखेर मोकळं रान मिळालं.

गोंधळ जरा ओसरल्यावर मोहा बाहेर आला. बा जिलाली बसच्या सावलीत पाय पसरून बसला होता.

"बा, पुढच्या वळणावर पेट्रोल पंप आहे. तिथं चांगला स्वच्छ संडास आहे. आपण दर फेरीला तिथंच थांबतो."

"असेल बाबा. वय झालं आता, ध्यानात राहत नाही."

"आणि सकाळचं ते ताक?"

"ताक मात्र झकास होतं," बा जिलाली म्हणाला आणि डोक्यावरची टोपी डोळ्यांवर ओढून घेतली.

शुक्रवार होता. शुक्रवारी कुसकुस खाल्ल्याशिवाय कुणाला दारातून जाऊ देतात का? परातीएवढ्या थाळ्यात रवा वाफवून केलेलं गरम कुसकुस आलं, वर भाज्यांचा डोंगर. सगळे भोवती बसले. आणि मग फाद्मा पाहुण्यांतल्या सगळ्यांत मानाच्या माणसासाठी, ज्यानं पहिली ढेप आणली त्याच्यासाठी, स्वतःच्या हातांनी काठोकाठ भरलेलं मोठं वाडगं घेऊन आली आणि गास्तोंसमोर धरलं. कुसकुसबरोबर आमच्याकडं ताक असतंच.

गास्तोंनी वाडग्याकडं पाहिलं. मग ओदेतबाईंकडं पाहिलं, त्यांनी डोळे वटारले नव्हते. मग पलीकडं बसलेल्या मोहाकडं पाहिलं. पोराचा जीव टांगणीला लागला होता, पण तो काही बोलू शकत नव्हता. नाही म्हटलं तर यजमानाचा अपमान होतो, हे त्यानंच शिकवलं होतं.

"आपल्या मुलासाठी," गास्तों बायकोला म्हणाले, आणि डोळे मिटून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.

बाहेर बा जिलालीनं टोपीखालून एक डोळा उघडला, उठला, आणि बस तेवढी मागच्या अंगणाजवळ आणून लावली.