मुंग्यांच्या मागे मुकुंदा

"अक्का, हलू नका! मुंगी भेगेत शिरतेय."

मी मागच्या दारी विळीवर बसून नारळ खवत होते. माझ्या पाठीमागे, नुकत्याच पुसलेल्या फरशीवर, शेजारचा मुकुंदा पोटावर पालथा पडला होता. डोक्यावर टॉवेल, टॉवेलाखाली कॅमेरा. गणपती दोन दिवसांवर आले होते, चार नारळ खवायचे होते आणि मला त्याच्याकडे वळून बघायला सवड नव्हती.

"कुठली भेग?" मी विचारलं.

"ही, उंबऱ्याजवळची. काय सुंदर भेगाळलीय जमीन, अक्का! उन्हाळ्यातली काळी माती असते ना, तशी. आणि मुंग्या एकीमागून एक आत. श्वास धरा. स्वल्प श्वास धरा."

"तू धर तुझा. आणि उंबऱ्याला भेग कशी असेल? गेल्या साली तर सिमेंट केलंय."

टॉवेलाखाली चार वेळा लख्ख उजेड पडला. मग आवाज आला तो अगदी बारीक.

"अक्का, तुम्हाला काही दुखत नाहीये?"

"काय दुखायचंय?"

"ही टाच आहे हो. तुमची टाच. मुंग्या तुमच्या टाचेत जातायत."

मी हात मागे नेला. बोटांना ओलं लागलं. दुखलं मात्र काहीच नाही, आणि वाईट होतं ते तेच. मला वीस वर्षांचा मधुमेह. माझ्या नवऱ्यालाही होता. त्याच्या टाचेला असंच न दुखणारं काहीतरी झालं होतं. आधी पाऊल कापलं, मग गुडघ्यापर्यंत पाय, मग तो स्वतःही गेला.

मी नारळ खाली ठेवला आणि म्हटलं, "मुकुंदा, आधी माझ्या फरशीवरनं ऊठ."

हा मुकुंदा म्हणजे बंगळूरच्या बसवनगुडीतला आमचा भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी. सगळी गल्ली त्याला अण्णा म्हणते. मी त्याला चड्डीत बघितलेला असल्यामुळे मला ते जमत नाही. त्यांचं घराणं तीन-चारशे वर्षांपूर्वी इकडे आलं आणि इथलंच झालं. मी लग्न होऊन बेळगावाकडून आले तेव्हा त्यांच्या घरातलं मराठी ऐकून मला वाटायचं, ही माणसं सदा तोंडात घास ठेवूनच का बोलतात?

मुकुंदानं तीस वर्षं एका कारखान्यात लोखंडाचे बारीक बारीक तुकडे मोजले. केसभर जास्त भरला की तुकडा बाजूला टाकायचा, हेच त्याचं काम. साहेब आला तरी तुकडा आत यायचा नाही. एरवी माणूस इतका भित्रा की रिक्षावाल्यानं डोळे वटारले तर सांगितलेल्या जागेच्या आधीच उतरून चालत येणार.

निवृत्त झाला आणि अमेरिकेतल्या भाच्यानं त्याला हा कॅमेरा आणून दिला. रीळ न लागणारा. पाठीला काडेपेटीएवढा पडदा, काढलेला फोटो तिथल्या तिथे दिसतो. भाचा म्हणाला, "मामा, घरच्यांचे फोटो काढत जा." मामानं त्या दिवसापासून घरच्या एकाही माणसाचा फोटो काढला नाही.

त्या कॅमेऱ्यावर फुलाची एक बारीक खूण आहे. तिथलं बटण दाबलं की दोन बोटांवरची वस्तू स्वच्छ दिसते आणि लांबचं सगळं पुसट होतं. मुकुंदानं ते बटण पहिल्या दिवशी दाबलं आणि पुन्हा कधी काढलं नाही. त्याची बायको सुशीला एकदाच त्या कॅमेऱ्यात आली. पुढे नाकतोडा, त्याच्या मिशासुद्धा मोजता येतील असा, आणि मागे पिवळं धुकं. ते धुकं म्हणजे सुशीला.

"अहो, माझा एक तरी नीट काढा," ती म्हणाली.

"माणूस मावत नाही गं," तो म्हणाला.

उन्हात पडदा दिसत नाही म्हणून तो डोक्यावर टॉवेल घेतो. त्यामुळे रस्त्याच्या कडेला वाकलेला मुकुंदा वाफारा घेत असल्यासारखा दिसतो. दोन वेगवेगळ्या लोकांनी त्याला सर्दीवर औषध सांगितलंय. उजेड फार भगभगीत पडतो म्हणून कॅमेऱ्याच्या दिव्यापुढे मेणकागद चिकटवलेला. आणखी मोठं दिसावं म्हणून पुढे सुशीलेचं वाचायचं भिंग रबरानं बांधलेलं. सुशीला हल्ली पंचांग माझ्याकडून वाचून घेते.

बाजारात हा फ्लॉवर घ्यायला गेला तर चांगले गड्डे बाजूला सारतो. "किडका नाही का?" भाजीवालीला प्रथम वाटलं हा घासाघीस करतोय. मग तिला कळलं. आता तो लांबून दिसला की ती ओरडते, "या सार! आज हिरवा हुळ आलाय, ताजा!" हुळ म्हणजे किडा. मुकुंदा तो गड्डा पिशवीत न ठेवता दोन्ही हातांत धरून, देवाची मूर्ती आणावी तसा घरी आणतो. अळीचे फोटो होईपर्यंत सुशीलेला भाजी चिरायची परवानगी नाही. त्या घरात दुपारचं जेवण कधी होईल हे अळीच्या मर्जीवर आहे.

जयनगरला त्याच्या पुतणीचं लग्न होतं. कोणीतरी हौसेनं सांगितलं, अण्णाकडे परदेशी कॅमेरा आहे, फोटो अण्णाच काढेल. दुसऱ्या दिवशी सगळे जमले बघायला. हारातल्या शेवंतीवर बसलेला लाल भुंगा. नवरदेवाच्या बाशिंगावरची माशी. एका अक्षतेला ओढत नेणारी मुंगी, ती तीन बाजूंनी. मुलीच्या आईनं विचारलं, "भावोजी, मुलगी कुठंय?" मुकुंदानं भुंग्याच्या मागच्या लाल डागावर बोट ठेवलं. "ही काय. शालू दिसतोय ना."

त्या कॅमेऱ्यात तीसच फोटो मावतात. ते काढून ठेवायला संगणक लागतो म्हणे, तो मुकुंदाकडे नाही, आणि दुसऱ्याच्या संगणकाला हात लावायची त्याला भीती. मग एकतिसावा काढायचा तर आधीचा एक पुसायला हवा. ते त्याला एकट्याला जमत नसे. संध्याकाळी तोंड पाडून माझ्या कट्ट्यावर येऊन बसायचा.

"अक्का, कोणाला घालवू?"

"दाखव. हे काय झुरळ? घालव त्याला."

"झुरळ नाही हो. किती देखणं आहे, पंख बघा. सोन्यासारखे."

"मग ही पाल घालव."

"पाल नाही, पालीचा डोळा आहे."

"डोळ्यासकट घालव."

मग तो पडद्यावरनं अंगठा फिरवायचा आणि बटण दाबायचा. त्यानंतर चहा दिला तरी अर्धाच प्यायचा. मी हसायचे. मला वाटायचं, पोटापाण्याचा प्रश्न नसलेल्या माणसाचे हे लाड आहेत.

तर टाच. मी सांगून टाकलं, हळद भरीन, दोन दिवसांत सुकेल, गणपती झाल्यावर बघू. डॉक्टरकडे गेलं की कापाकापी सुरू होते हे मी घरात बघितलेलं होतं. मुकुंदा निघून गेला. मला वाटलं सुटले. पाच मिनिटांत रिक्षा दारात. तो उंबऱ्यात उभा, टॉवेल अजून डोक्यावर.

"अक्का, मघाशी हलू नका म्हणालो. आता हला."

"नाही आले तर?"

"तर मी रिक्षा सोडणार नाही. इथेच उभी राहील. रिक्षावाला मला ओरडेल."

रिक्षावाल्याला इतका घाबरणारा माणूस हे बोलतोय म्हटल्यावर मी चप्पल शोधली.

डॉक्टर आमच्याच रस्त्यावरचे, शांत माणूस. त्यांनी जखम धुतली, आत किती खोल गेलीय ते बघितलं आणि गोड न बोलता सांगितलं, "आणखी आठवड्यानं आला असता तर मी पाऊल कापायलाच पाठवलं असतं. अजूनही सांगता येत नाही. रोज पट्टी बदलायची. जखम वाढायला लागली तर त्याच दिवशी इकडे यायचं."

"वाढली ते मला कसं कळणार?" मी विचारलं. "दुखत नाही. टाच मागे, डोळे पुढे."

"घरात कोण आहे?"

घरात कोणी नाही. मी आणि भिंतीवर नवरा. सुशीला पट्टी बदलायला तयार झाली, पण डोळे मिटून. अळ्यांशेजारी भाजी चिरणारी बाई, तिला पू बघवेना.

"मी बघतो," मुकुंदा म्हणाला. "मोजायचंच आहे ना? सरी, ठीक आहे, मी बघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तो हजर. उजेड नैसर्गिकच हवा म्हणून मला पुढच्या कट्ट्यावर बसवलं. पाय खाली सोडलेला, सुशीलेनं पट्टी काढलेली, आणि मुकुंदा माझ्या पायांशी जमिनीवर आडवा. जखमेशेजारी त्यानं काडेपेटीतली एक काडी धरली.

"ही कशाला?"

"माप. काल अंदाजानं एक काडी होती. आजपासून अंदाज बंद."

फोटो काढला की तो मला दाखवायचा. मी माझी टाच अशी पहिल्यांदाच बघितली. त्यानं तिला काळी माती म्हटलं होतं त्यात त्याची चूक नव्हती.

हे रोज रस्त्यावरून दिसायचं. मी वर बसलेली आणि साठीचा माणूस माझ्या पायाशी साष्टांग. देवळातून येणाऱ्या बायका थांबायला लागल्या. एकीनं सुशीलेला विचारलं, "हे कसलं व्रत गं?" सुशीलेनं काय सांगितलं कोण जाणे. तिसऱ्या दिवशी ती बाई फुलं घेऊन आली आणि खाली वाकली. मी म्हटलं, "दुसऱ्या पायाला कर बाई, या पायात पू आहे."

एक काडी. मग पाऊण काडी. नवव्या दिवशी मुकुंदा उठेचना.

"काय रे?"

"पाऊण काडी आणि वर गूल."

"म्हणजे?"

"कालच्यापेक्षा गुलाएवढी जास्त."

गूल म्हणजे काडीच्या टोकाचा काळा ठिपका. तेवढ्यासाठी त्यानं पुन्हा रिक्षा आणली. डॉक्टरांनी जखम बघितली आणि म्हणाले, छान आहे, वरून सुकतेय. दुसरा कोणी असता तर नमस्कार करून उठला असता. मुकुंदाच्या कपाळाला घाम आला होता. त्यानं कॅमेरा पुढे केला, कालचा फोटो दाखवला, आजचा दाखवला, आणि कारखान्यात बोलायचा तसं बोलला.

"डॉक्टर, हा तुकडा पास होत नाही."

डॉक्टरांनी दोन्ही फोटो बघितले. पुन्हा पुढे-मागे करून बघितले. मग हातमोजे घातले, जखमेची कड दाबली, आणि आतून जे बाहेर आलं ते मी बघितलं नाही, पण सुशीला बाहेर जाऊन बसली. वरून सुकत होती आणि आत वाट काढत होती. त्यांनी ती उघडी केली, औषध बदललं, आणि म्हणाले, "दोन दिवसांनी हाडाला लागली असती." हे ते मला नाही, मुकुंदाला म्हणाले. मुकुंदा म्हणाला, "सॉरी हां, डॉक्टर."

तिथून पुढे उतरतच गेली. अर्धी काडी, अर्ध्याहून कमी. असा महिना गेला.

एका सकाळी फोटो काढून झाल्यावर कॅमेऱ्याचे सेल उतरले आहेत असं वाटून तो नवे आणायला घरी गेला. कॅमेरा माझ्या मांडीवर होता. मागचे फोटो कुठल्या बटणानं दिसतात ते त्यानंच मला शिकवलं होतं. मी दाबलं. टाच आणि काडी. पुन्हा दाबलं. टाच आणि काडी. म्हटलं आता भुंगा येईल, पालीचा डोळा येईल. पंधराव्यांदा दाबलं, विसाव्यांदा दाबलं. तिसावा फोटो मुंग्यांचा, त्या पहिल्या दिवसाचा, आणि तोही माझ्याच टाचेतला.

महिनाभर तो संध्याकाळी माझ्या कट्ट्यावर तोंड पाडून आला नव्हता. कोणाला घालवू म्हणून एकदाही विचारलं नव्हतं. माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

तो सेल घेऊन आला. मी विचारलं, "तुझे किडे कुठे गेले?"

"किडे काय, अक्का," तो सेल बसवता बसवता म्हणाला, "पाऊस पडला की पुन्हा येतात. पाय जरा पुढे घ्या. आजचा पुसट आलाय, पुन्हा काढतो."

मी पाय पुढे घेतला.

जखम कार्तिकात भरली. याच दुखण्यात माझा नवरा गेला, त्याच्या आधी त्याची थोरली बहीण गेली. आमच्या घरात त्यातून उठलेली मी एकटीच, आणि दोन्ही पायांवर.