आवाजाचे कल्ले

शुक्रवारी सकाळी प्राजक्ता मेस्त्रीने माजघरातल्या टेबलावरचे पापडांचे डबे खाली उतरवले, टेबल दोनदा पुसलं आणि त्यावर दोन सिंथेसायझर शेजारी शेजारी मांडले. एक तांबडा, एक काळा. मग चार पावलं मागे सरकून, हाताची घडी घालून, मुलगी बघायला आलेल्या आत्याबाईसारखी ती दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. 

प्राजक्ता दिवसा जामसंड्याच्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायची आणि संध्याकाळी काकाच्या बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवायची. पार्टी कुणकेश्वरची, मालक बाळाकाका. हळद, वरात, गणपतीची मिरवणूक, काहीही असो, बेंजो घेऊन काका सगळ्यांच्या पुढे, ढोल-ताशेवाले मध्ये, आणि प्राजक्ता सगळ्यांच्या मागे टेम्पोत. तिचा जुना कीबोर्ड चार फुटी होता. तो घेऊन चालणं शक्यच नव्हतं. सहा वर्षं तिने टेम्पोच्या फळीवर बसून, जनरेटरचा धूर खात वाजवलं होतं. वरातीतल्या निम्म्या लोकांना वाटायचं की तो आवाज जनरेटरमधूनच येतो.

गेल्या महिन्यात तो कीबोर्ड एका हळदीत मधल्या सप्तकासकट गेला. त्याच आठवड्यात रेडीहून वरातीची सुपारी आली. एवढ्या लांबची पहिलीच. नवरदेवाची अट एकच होती, आवाज नवीन पाहिजे. प्राजक्ताने तीन आठवडे मोबाईलवर व्हिडिओ बघितले आणि एके सकाळी जाहीर केलं, "काकानू, माका बारको सिंथ होयो. गळ्यात अडकवन चलाक येयत असो."

काकांनी परवानगी दिली, पण आपली अट घालूनच. "रविवारपर्यंत तेच्यातसून कायतरी बरा वाजाक होया. नाय वाजला तर धनेशाच्या मावसभावाक बोलवतंय. तेच्याकडे कीबोर्ड आसा."

धनेश पार्टीचा ढोलवाला. त्याचा मावसभाऊ सगळी गाणी एकाच तालात वाजवायचा, आणि तोही ताल मशीनचा. प्राजक्ताला तो विचारही सहन होईना.

तिने गुरुवार-शुक्रवारची रजा टाकली आणि गुरुवारी कुडाळच्या दुकानात चार तास उभं राहून एकेक सिंथ वाजवला. शेवटी तांबडा आणि काळा हे दोन उरले. दोघांतला कुठला, हे ठरेना. दुकानदाराची जेवायची वेळ टळून गेली होती. तो कळवळून म्हणाला, "ताई, दोन्ही घेऊन जा. सोमवारी एक परत आणा. पण आता मला जेवू द्या."

म्हणून शुक्रवारी दोन्ही टेबलावर होते. दोघांनाही सदतीस बारक्या पट्ट्या, दोघेही बॅटरीवर चालणारे, दोघांचंही वजन एखाद्या बऱ्या फणसाच्या निम्मं. तांबड्याला रंगीत पडदा आणि लुकलुकणारे दिवे. काळ्याला दिवा एकच, पण बटणंच बटणं.

बाळाकाका अंघोळ करून आले आणि काळ्यावर वाकले.

"हेच्यात सनई खंय आसा?"

"सनई नाय काकानू."

"बासरी?"

"बासरीपण नाय. आपल्या जुन्या कीबोर्डात कशे तयार आवाज भरलेले होते, तसा हेचा नाय. हो कोरो सूर देता. तेका आपण घडवचो. ह्या बटणान गोल करूचो, ह्या बटणान टोकदार. हो फिल्टर. आवाज गाळूक."

"म्हंजे गाळणी."

"गाळणीच."

काका सरळ उभे राहिले. "सनई नाय, बासरी नाय, गाळणी आसा. आणि ह्या घेवन आपण रेडीक जातलंव!"

"आतमधे कंप्युटर आसा काकानू, पण आवाज जुन्या मशिनींसारखो करता. पूर्वी कपाटाएवढ्या असायच्या मशिनी..."

"माका आता काय सांगा नको. तीन दिस वारो सुटलो हा, होडये भायर पडणत नाय, घरात मासो नाय. माझा डोक्या चालणा नाय." आणि काका डोक्याला पंचा गुंडाळून बाहेर पडले.

प्राजक्ताने काळ्याची वायर काकांच्या मोठ्या स्पीकरला जोडली. हा स्पीकर गणपतीत पाच वाड्यांना पुरायचा. तिने आवाज अर्ध्यावर ठेवला आणि पहिली पट्टी दाबली.

पुढचा पाऊण तास ती या जगात नव्हती. एक बटण फिरवलं की सूर मधासारखा दाट व्हायचा, दुसरं फिरवलं की कापडासारखा टरकायचा. मधेच एक आवाज असा निघाला की अंगावर काटाच आला. जाडाभरडा, रबरी, तोंड वासून ओरडणारा. "पोंऽऽ! पोंऽऽआंव!" वरातीत हा सूर ढोलावर बसला तर माणसं चपला टाकून नाचतील! तिने तो पुन्हा काढला. पुन्हा. मग जरा थांबून, दुसऱ्या पट्टीवरून पुन्हा.

मान वर केली तेव्हा खिडकीतून शेजारची सुभद्राकाकी हातात टोप घेऊन डावीकडून उजवीकडे पळताना दिसली. तिच्या मागून आणखी दोघी, तशाच टोप घेऊन. नळाला पाणी आलं असेल, असं वाटून प्राजक्ताने बटण किंचित फिरवलं आणि पुन्हा "पोंऽऽआंव!" केलं. सुभद्राकाकी उजवीकडून डावीकडे पळाली. आता तिच्या मागे पाचजणी होत्या, आणि सर्वांच्या पुढे, हातात पिशवी घेऊन, बाळाकाका.

पाण्याला काका कशाला पळतात, असा विचार तिच्या मनाला चाटून गेला, पण तेवढ्यात बोटाखाली एक नवाच सूर लागला आणि विचार निसटला.

थोड्या वेळाने धनेश बुलेट लावून आत आला तो हसतच.

"प्राजू, आयकलंस? वाडीत नवो मासेवालो शिरलो हा. भोंगो वाजयता आणि गायब होता! बायकामाणसा इकडसून तिकडे धावतत, पण तो कोणाक गावणा नाय. सात घरांत माशाक खोबऱ्याचा वाटप वाटून तयार. आणि सुभद्राकाकीन लक्ष्मीक फोन लावलो, म्हणता, तू येणस नाय म्हणान दुसरो येवक लागलो. लक्ष्मी निघाली हा थयसून. पेटली हा नुसती."

लक्ष्मी ही वाडीची मासेवाली. स्कूटरच्या मागे बर्फाची पेटी आणि हँडलला काळा रबरी भोंगा. पंधरा वर्षांत या वाडीत दुसऱ्या कुणाची मासे विकायची छाती झाली नव्हती.

"भोंगो कसो वाजता?" प्राजक्ताने विचारलं. 

"लक्ष्मीचो वाजता तसोच. पोंऽऽ..."

प्राजक्ताने पट्टी दाबली.

"पोंऽऽआंव!"

बाहेर दहा-बारा पावलं धाडधाड करत गेली. धनेशचं हसू जागच्या जागी थिजलं.

"गप ऱ्हव," तो कुजबुजला. "कोणाकच सांगा नको. आपल्याक काय म्हायतच नाय."

हा सल्ला प्राजक्ताला मनापासून पटला. काकांना कळलं की आपण पिशवी घेऊन एका सिंथेसायझरच्या मागे पळत होतो, तर दोन्ही सिंथ संध्याकाळच्या आत कुडाळला पोचले असते आणि मावसभाऊ रेडीला. तिने बटण बंद केलं. पण तेवढ्यात रस्त्यावर लक्ष्मीची स्कूटर करकचून थांबली.

"कोण तो?" लक्ष्मीचा आवाज स्पीकरशिवाय पाच वाड्यांना पुरायचा. "माझ्या वाडीत, माझोच भोंगो वाजवन मासे इकता! दाखवा माका!"

दुर्दैवाने त्याच वेळी वळणावरून सत्यवान पाववाला सायकलवरून आला. वीस वर्षं तो त्याच वेळी येत होता. त्याने सवयीने आपला भोंगा वाजवला, "पीं पीं!" लक्ष्मीने झेप घालून त्याचं हँडल पकडलं.

"तूच काय रे? पावाखाली मासे लपवलंस?"

"गो बाय, पाव आसत! नरम पाव!"

"उघड पेटी!"

पेटी उघडली गेली. सुभद्राकाकीने एकेक पाव उचलून खाली बघितलं. पावाखाली पावच होते. "ह्येच्या भोंग्याचो आवाज असो नव्हतो," एकजण म्हणाली. "बदललो आसतलो," बाळाकाका पिशवी झटकत म्हणाले. "सत्यवान, खरा सांग. सुरमई असली तर सांग. आम्ही कायएक म्हणाचंव नाय." सत्यवानाच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं. पन्नाशीच्या गरीब माणसावर सात टोप रोखलेले.

प्राजक्ता खिडकीतून हे बघत होती. तिने एकदा काळ्या सिंथकडे बघितलं, एकदा सत्यवानाकडे. मग स्पीकरचं बटण चालू केलं आणि डोळे घट्ट मिटून पट्टी दाबली.

"पोंऽऽआंव!"

रस्त्यावरची सगळी डोकी खिडकीकडे वळली. मग लक्ष्मी पुढे, तिच्या मागे सुभद्राकाकी, टोप, काका आणि सुटकेचा निःश्वास टाकणारा सत्यवान अशी सगळी वरात माजघरात आली.

"मी होतंय," प्राजक्ता म्हणाली. "चुकान झाला. माका म्हायत नव्हता भायर कोण धावतत ता. काकानू, माफ करा."

काकांनी पिशवीकडे बघितलं, सिंथकडे बघितलं. त्यांचे कान लाल झाले. ते तोंड उघडणार, तेवढ्यात लक्ष्मीने हात वर केला.

"गप ऱ्हवा सगळी. चेडवा, परत वाजव."

प्राजक्ताने वाजवलं. लक्ष्मी डोळे मिटून ऐकत होती.

"माझो असो नाय. माझो भोंगो शेवटाक जरा खाली बसता. रबर जुना झाला हा तेचा. ह्या तुझा ताठ ऱ्हवता."

प्राजक्ताच्या अंगातून वीज गेली. भीती कुठल्या कुठे पळाली. सूर घसरवणारं बटण कुठलं हे तिला पाठ होतं. तिने ते थोडं फिरवलं.

"पोंऽऽआंऽऽव."

"अजून थोडो. हां, आता इलो!" लक्ष्मीने डोळे उघडले. नेमक्या त्या आवाजाला सुभद्राकाकीने सगळं माहीत असूनही टोप पुढे केला. लोक हसले, काकी लाजली.

"आता ह्या तांबड्यावर तोच काढ," लक्ष्मी म्हणाली.

तांबड्यावर तसाच आवाज बसवायला प्राजक्ताला पाच मिनिटं लागली. कुणी हललं नाही. आवाज निघाला तेव्हा दिवे सुरेख लुकलुकले. "हो बरो दिसता," काका म्हणाले.

"दिसाक बरोच," लक्ष्मी म्हणाली. "पण बर्फातलो आसा. चकचकीत, ताठ, आणि आत काय नाय. आवाज येता आणि दारातच उबो ऱ्हवता. काळ्याचो बघ, घरात शिरता, पाट घेवन बसता. काळो आजचो आसा. कल्ले उघडून बघितलंय मी."

प्राजक्ता तिच्याकडे बघतच राहिली. दुकानात चार तास तिला हेच जाणवत होतं, पण शब्द सापडत नव्हते. तीन आठवड्यांच्या व्हिडिओंत कुणी हे इतकं सरळ सांगितलं नव्हतं.

"लक्ष्मी, तुका गाण्यातला काय कळता?" काकांनी शेवटचा प्रयत्न केला.

"गाण्यातला नाय कळणा. ताज्यातला कळता."

 पंधरा वर्षांत लक्ष्मीने दिलेला एकही मासा काकांनी परत केला नव्हता. ते काळ्यावर वाकले, एक पट्टी दाबली, थोडं ऐकलं. पुन्हा दाबली. "रेडीक ह्योच न्हेवया," ते इतक्या हळू म्हणाले की धनेशने दोनदा विचारून खात्री करून घेतली.

सात घरांतल्या वाटपाचं त्या दिवशी माशांऐवजी बटाटे घालून तिखलं झालं, आणि सत्यवानाचे सगळे पाव जागच्या जागी संपले.

रविवारी रेडीच्या वरातीत प्राजक्ता पहिल्यांदा टेम्पोतून खाली उतरली. काळा सिंथ गळ्यात, एक हात पट्ट्यांवर, एक बटणांवर, आणि बरोबरीने काका. तो रबरी सूर ढोलावर असा बसला की नवरदेव घोड्यावरून उतरून नाचला आणि पुन्हा चढायला तयार होईना. अर्ध्या तासाची वरात अडीच तास चालली. लोक मागे वळून नव्हे, समोर बघून तिचे व्हिडिओ काढत होते. परतीच्या वाटेवर तिला झोप आली नाही.

बुधवारी सकाळी दारात रिक्षा थांबली. तिच्यातून निलेश उतरला. जामसंड्याच्या बेंजो पार्टीचा मालक, काकांचा जुना प्रतिस्पर्धी. त्याच्या दोन्ही काखांत एकेक खोकं होतं. प्राजक्ताने घाईघाईने केस सारखे केले. आपली कीर्ती तीन दिवसांत जामसंड्याला पोचली तर!

"या, निलेशदादा. सिंथ घेतलात वाटता?"

"दोन आणलंय, बघूक. एक ठेवूचो आसा." निलेश आत न येता रस्त्याकडे बघत होता. "रेडीचो व्हिडिओ बघलंय. काय आवाज तो! म्हटला, आपल्याकपण तसोच होयो."

"बसा मां. वायर आणतंय, लगेच लावून बघूया."

"तां नको. माका सांगा, ती मासेवाली किती वाजता येता?"

प्राजक्ता काही बोलायच्या आत लक्ष्मीचा भोंगा वाजला. वारा पडला होता, पेटी बांगड्यांनी भरलेली होती. निलेशने काय काम आहे ते सांगितलं. लक्ष्मीने पदराला हात पुसले, पडवीत ऐसपैस बसली आणि कानांना हेडफोन लावायच्या आधी प्राजक्ताकडे वळली.

"चेडवा, माका जरा येळ लागतलो. तवसर तू गिरायका बघ."

आणि मग कुणकेश्वरच्या त्या वाडीत स्कूटरपाशी उभी राहून प्राजक्ता मेस्त्रीने बांगड्यांचे वाटे लावले. सुभद्राकाकी टोप घेऊन आली, एक बांगडा उचलून नाकाशी नेला आणि संशयाने विचारलं, "ताजे आसत मां गो?"

प्राजक्ताने पडवीकडे बघितलं. लक्ष्मी डोळे मिटून मान डोलवत होती.

"विचारतंय हां काकी," ती म्हणाली. "बाय मीटिंगीत आसा."