डब्यांचं गोत्र

एका जंगलात, पोरांनो, समद्या जनावरांना खेळण्यातल्या आगगाड्यांचं याड लागलं व्हतं. शिकारीला कुणी जाईना. जो तो दारात रूळ मांडून गाडी फिरवायचा.

रंभाजी अस्वलाकडं एक इंजिन आन पाच डबे व्हते. इंजिन काळंभोर, मालकासारखंच. रंभाजी त्येला रोज फडक्यानं पुसायचा. बायकोकडं कधी इतक्या मायेनं बघितलं न्हवतं.

एकदा त्येचा साडू आला, केरबा तरस. च्या पिऊन झाल्यावर म्हणाला, "पाव्हणं, तुमची गाडी जत्रंतल्या वडाला एक फेरा घालंल का?"

"दोन घालंल."

"आन डबा सुटला तर?"

"तर इंजिन तुमचं," रंभाजी बोलून बसला.

साडू गेल्यावर त्येनं गाडी चालवून बघितली. वळणावर मधला डबा सुटला. त्येचा आकडा झिजला व्हता. आकडा म्हंजे, पोरांनो, एक डबा दुसऱ्याला धरतो ना, त्यो हात.

रंभाजी पळत जिवा माकडाच्या दुकानात गेला. जिवा म्हणाला, "तुझं समदं आकडं एकाच कारखान्याचं. तसलाच एक देतो. खट करून बसंल."

फांदीवर नरहरपंत घुबड बसलं व्हतं. जंगलातली लग्नं त्येच जुळवायचं. दिवसा त्येला काय दिसायचं न्हाई, म्हणून जंगलाचा त्येच्यावर लई भरवसा.

"एकाच कारखान्याचे?" घुबड म्हणालं. "म्हणजे सगोत्र. भावाच्या हातात बहिणीचा हात देतोस, रंभाजी?"

रंभाजीच्या अंगावर काटा आला. इतकी वर्सं आपल्या दारात ही थेरं चालली व्हती, आन आपण वर शिट्टी वाजवत व्हतो.

"पंत, पलाष्टिकचं हाय वो ते," जिवा म्हणाला.

"कुळाला प्लास्टिक काय आणि लोखंड काय."

मग घुबडानं आकडं निवडलं. इंजिनाला चुंबकाचा. पहिल्या डब्याला मुठीसारखा मिटणारा. दुसऱ्याला कडीचा. असं करत प्रत्येकाला शेजाऱ्याहून निराळ्या कारखान्याचा. मग डोळं मिटून म्हणालं, "बत्तीस गुण जुळतात."

"गुण जुळत्यात, आकडं कुठं जुळत्यात?" जिवा म्हणाला.

"तू तुझं दुकान बघ."

रंभाजीला एकदा जोडून बघायचं व्हतं. घुबड म्हणालं, "मुहूर्ताआधी एकमेकांना शिवू द्यायचं नाही." रंभाजीला पटलं. त्येच्या लग्नात बी असंच झालं व्हतं, आन बायको कोण ते मागनंच कळलं व्हतं.

जत्रंत समदं जंगल जमलं. इंजिन आन डब्यांच्या मधी आंतरपाट धरला. मंगलाष्टका झाल्या. अक्षता रुळावर पडल्या, त्या चिमण्यांनी टिपल्या. आंतरपाट निघाला. इंजिनानं शिट्टी मारली आन निघालं.

एकटंच.

"नवरा पळाला," एक ससा म्हणाला.

इंजिनानं वडाला दोन फेरं घातलं. डबं बसल्या जागी. एकानं बी मान वळवून बघितलं न्हाई.

मग साडूची गाडी सुटली. जुनंच आकडं, एकाच कारखान्याचं. खटाखट वडाला फेरा घालून आली. केरबानं रंभाजीचं इंजिन काखंत मारलं.

"पंत, माझं इंजिन गेलं," रंभाजी रडकुंडीला आला.

घुबडानं त्येच्याकडं पाठ फिरवली. जंगलाकडं तोंड करून म्हणालं, "बघितलंत? तरसाच्या गाडीत सगळे सगोत्र. कसे भर जत्रेत एकमेकांना चिकटून फिरत होते."

कोल्हिणीनं पोराच्या डोळ्यावर हात ठेवला. समदं जंगल शी शी करत घरी गेलं. केरबाला पाणवठ्यावर कुणी उभं करीना. शेवटी त्यो बी घुबडाकडं जाऊन आकडं बदलून आला. मग बाकीच्यांनी बी बदललं.

त्या जंगलात आता एक बी गाडी चालत न्हाई. समदं डबं आपापल्या जागी, सोवळ्यात. लोक रंभाजीच्या दारातनं जाताना त्येच्या पाच डब्यांना हात जोडत्यात.

रंभाजीला मात्र करमंना. एक दिवस फडकं घेऊन साडूच्या दारात गेला. इंजिन कोपऱ्यात पडलं व्हतं, धुळीनं माखलेलं.

"पाव्हणं, नुसतं पुसू का? एकडाव."

केरबा आडवा आला. "शिवायचं न्हाई. त्येचं गोत्र आता आमचं."

तात्पर्य : पोरांनो, आगगाडी जागची हालली न्हाई तरी चालतं, डबं कुळवान पायजेत. आन डबा डब्याला बसतोय का, हे आधी कधी बघू नका. तसं बघणाऱ्याला जंगलात कुणी शाणा म्हणत न्हाई, दुकानदार म्हणत्यात.