ओट्याखालचा कच्चा दुवा

बढतीच्या परीक्षेचा सराव घरातल्या माणसावर करायचा, हा निर्णय बघूनं एका सकाळी दाढी करताना घेतला आणि त्याच क्षणी घाबरून गाल कापून घेतला.

पाणी खात्यात तक्रारींच्या टेबलावर तो बावीस वर्षं बसत होता आणि आलेल्या प्रत्येकाला "बघू" म्हणत होता, म्हणून सगळे त्याला बघूच म्हणायचे. (खरं नाव आता फक्त पगारपत्रकाला ठाऊक होतं.) भित्रा तो असा की फोन वाजला की दचकायचा आणि वाजायचा थांबला की आणखी दचकायचा. पण सगळ्यांत मोठी भीती रेकॉर्ड रूमची. परीक्षेत दोनदा आपटला होता. ही तिसरी आणि शेवटची संधी. ती हुकली की निवृत्तीपर्यंतची सात वर्षं तळघरात, जुन्या फायली आणि उंदरांच्या सोबतीनं काढायची.

दोन्ही वेळा गाडी अडली ती एकाच प्रश्नावर : 'खालील युक्तिवादातील कच्चा दुवा शोधा.' कुणी ठामपणे काही बोललं की बघूला ते लगेच पटायचं, मग ते छापलेलं का असेना. गाईडच्या पान अकरावर उपाय दिला होता. रोजच्या बोलण्यातले युक्तिवाद तपासा आणि त्यांत काय गृहीत धरलंय ते विचारा.

घरात त्याच्याशी रोज बोलणारी एकच व्यक्ती होती. (तिच्यासमोर तोंड उघडायला तो एरवी धजला नसता, पण तळघरात उंदीर होते.)

"अहो, ओट्याखाली पाणी साचलंय," बायको वाकून बघत म्हणाली. "पाईप गळतोय. तुमच्या ऑफिसातल्या प्लंबरला बोलवा."

बघू दोन पावलं मागे सरकला. गालावरचा कापूस दाबून धरत तो म्हणाला, "यात कच्चा दुवा आहे."

"तेच सांगतेय मी."

"पाईपात नाही गं, तुझ्या युक्तिवादात. पाणी साचलं म्हणजे पाईपच गळतोय, हे तू गृहीत धरलंस. बादली सांडली असेल."

बायको सावकाश उभी राहिली. ती औषधाच्या दुकानात कामाला होती. डॉक्टरांचं अक्षर न अडखळता वाचणारी बाई. "या घरात कोण कुणाला गृहीत धरतं, त्यावर बोलायचं का आपण?"

"नको," बघू म्हणाला.

पण परीक्षेला चारच दिवस होते. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "काल कोरडं केलं होतं, आज परत साचलंय." त्यानं सांगितलं की दोन दिवसांवरून सरसकट निष्कर्ष काढता येत नाही. तिसऱ्या दिवशी तिनं पाईपखाली ठेवलेलं पातेलं काठोकाठ भरलेलं दाखवलं. "ते आधीच भरलेलं नव्हतं कशावरून?" हे त्यानं चपला घालून, दारात उभं राहून विचारलं. चौथ्या दिवशी ती काहीच बोलली नाही. त्या गप्प बसण्यात बघूला एकही कच्चा दुवा सापडेना, आणि त्याला जेवण गेलं नाही.

परीक्षेच्या सकाळी पाईप निसटला. बघू ठेवणीतला शर्ट घालून ओट्याशी चहा गाळत होता. पाण्याची धार आधी पोटावर आली, मग चष्म्यावर. बावीस वर्षं पाणी खात्यात काढलेल्या माणसाला घरातलं पाणी कुठून बंद होतं ते आठवेना. तो दोन्ही हातांनी पाईप दाबून नुसता ओरडत राहिला. बायकोनं जाऊन चावी बंद केली, त्याच्या हातात बादली दिली, एकच वाक्य बोलली आणि फरशी पुसायला लागली. कपडे बदलायला वेळ नव्हता.

या वेळी परीक्षा तोंडी होती. टेबलापलीकडे मोठे साहेब एकटेच बसले होते. बघूच्या बाहीतून पाणी ठिबकत होतं. साहेबांनी खिडकीबाहेरच्या लख्ख उन्हाकडे पाहिलं.

"उमेदवार भिजलेला आहे, म्हणजे बाहेर पाऊस पडतोय. सांगा कच्चा दुवा."

बघूला ते पटलं. "छत्री आणायला हवी होती, साहेब."

साहेबांनी डोळे मिटून घेतले. "अहो, बाहेर ऊन आहे. तुम्ही भिजलात कसे?"

बघूला समोर तळघराचा जिना दिसायला लागला. घाबरून त्यानं सगळं सांगून टाकलं. पाणी, पातेलं, पान अकरा, काही ठेवलं नाही. साहेब पुढे झुकले.

"म्हणजे पाईप खरंच गळत होता. मग तुमच्या पत्नीच्या युक्तिवादात कच्चा दुवा होता की नव्हता? शेवटचा प्रश्न."

उत्तर येत होतं, याचीच बघूला जास्त भीती वाटली. "होता, साहेब. सांगितलं की मी ऐकेन, हे तिनं गृहीत धरलं होतं."

"वा. आज सकाळपासून असं उत्तर कुणी दिलं नाही. हे आत्ता सुचलं तुम्हाला?"

खोटं बोलण्याचीही बघूला भीतीच वाटायची. "नाही, साहेब. बादली देताना तीच म्हणाली."

साहेबांनी मान डोलावली आणि निकालाच्या कागदावर दोन ओळी लिहिल्या. समोरून उलटं वाचायला बघूला थोडा वेळ लागला.

उमेदवार : अनुत्तीर्ण.
पत्नी : उत्तीर्ण.