मेंढे सरांचा ऑनलाइन वर्ग

मेंढे सरांनी ऑनलाइन वर्गात कधी कोणाला म्यूट केलं नाही. "म्यूट करणं म्हणजे पोराच्या तोंडावर हात ठेवणं," असं ते म्हणत. त्यामुळे बी.ए.च्या चाळीस मुलांच्या घरातले कुकर, कोंबड्या आणि भांडणं एकाच वेळी वर्गाला हजर असत. सर आमच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत, मी वाणिज्य. नागपुरात आमच्या दोघांच्या फ्लॅटची भिंतही एकच. कॉलेज बंद होतं त्या काळात तो सगळा गलबला माझ्या घरात यायचा.

सर त्या आवाजांवरच शिकवत. कुही गावच्या प्रणाली नावाच्या मुलीकडे बकरी ओरडली की विचारत, "हूज गोट इज दॅट?"

"इट इज अवर गोट, सर."

मग ती काय खाते, काहून ओरडते, सगळं इंग्रजीत. बुटीबोरीचा एक पोरगा एकदा म्हणाला, "सर, आमाले शिकवून राहिले का बकरीले?"

"तू उत्तर नाही दिलं तर तिलेच विचारीन गा," सर शांतपणे म्हणाले.

आता भिंतीपलीकडे सामसूम असते आणि तो गलबला फार आठवतो. तेव्हा मात्र माझं डोकं उठायचं.

वर्ष संपताना ऑनलाइन इंग्रजीबद्दल विद्यार्थ्यांची मतं गोळा करायचं काम प्राचार्यांनी माझ्याकडे दिलं. सरांचा वर्ग ठेवायचा की तयार व्हिडिओ लावायचे, हे त्यावरून ठरणार होतं. मी आळस केला. मुलांना फॉर्म पाठवलेच नाहीत. शेवटच्या दिवशी चाळीसही मीच भरले. नावं लिहायची नव्हती, त्यामुळे सोपं गेलं. 'गोंगाट फार.' 'सर विषय सोडून बोलतात.' हे मत मुलांचं नव्हतं, माझं होतं.

सरांचा वर्ग बंद झाला, व्हिडिओ लागले. सरांनी ते फॉर्म माझ्याकडून मागून घेतले, एकेक वाचला. मला एवढंच म्हणाले, "पोरांले त्रास होत होता गा. मले समजलंच नाही." मी मान हलवली. त्या होकाराची मला अजून लाज वाटते.

मागच्या आठवड्यात आईला घेऊन धंतोलीतल्या एका दवाखान्यात गेलो, तर काउंटरवर प्रणाली. तिनंच ओळखलं. व्हिडिओंचा विषय निघाला.

"वाईट नव्हते, सर. पाहिजे तेव्हा पाहता येत. पण त्यातल्या बाईले माझं नाव थोडीच माहीत होतं." मग म्हणाली, "मेंढे सरांनी तेव्हा सगळ्यांले फोन केले होते. माफी मागाले. मी म्हटलं, सर, आम्ही तर कोणताच फॉर्म भरला नाही."

"मग?"

"मग म्हणाले, ही गोष्ट कॉलेजात काढू नको वं. कोणाची तरी नोकरी जाईल."

म्हणजे सरांना सारं माहीत होतं. आणि इतकी वर्षं रोज सकाळी माझं दार वाजवून ते मला चहाला नेत होते.

दुसऱ्या दिवशी चहा घेताना मी सगळं सांगून टाकलं. प्रणाली भेटली, तिथपासून फॉर्मपर्यंत. सरांनी कप खाली ठेवला.

"काउंटरवर असते म्हणतोस. बाहेरचे फोन येत असतील. इंग्रजीत बोलते?"

"बोलते, सर. मी ऐकलं."

"घाबरत तर नाही?"

"नाही."

"मग झालं," सर म्हणाले आणि माझ्या कपात आणखी चहा ओतला.