खळीच्या पातेल्यातला पाक

एदिरिन मास्तरांनी एखादी गोष्ट मनावर घेतली की उघेली गावात दोनच प्रतिक्रिया उमटत. काही लोक टाळ्या वाजवत आणि त्यांची बायको रुकेव्वे कपाळावर हात मारून घेई.

चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस! सुगीच्या उपासनेला आठवडा उरला असताना ते प्रार्थनामंदिरात भर मंडळीत उभे राहिले आणि गरजले, "यंदा सुगीच्या झोबोत दुकानातली साखर पडणार नाही! माझ्या परसातल्या कसाव्याचा पाक पडेल. कुणीही घरून साखर आणायची नाही!"

कसावा म्हणजे साबुदाण्याचा कंद आणि झोबो म्हणजे अंबाडीच्या लाल बोंडांचं सरबत. साखर नसेल तर असं आंबट, की पिणाऱ्याचे कान हलावेत. महिला मंडळाच्या उफुओमाकाकूंनी डोक्यावरचा रुमाल सावरला.

"मास्तर, कसाव्याची कपड्यांना खळ होते, ताटात गोळा होतो. पाक कधी झाला?"

"मोड आलेल्या मक्याच्या पिठानं होतो! शास्त्र आहे काकू, शास्त्र!"

"होऊ दे बाई. नाही झाला तर दोनशे माणसं तोंड वाकडं करून देवाचे आभार मानतील, एवढंच!"

सगळे हसले. मास्तरही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. आता माघार नव्हती.

त्यांनी कसावा उपटला, किसला, पाण्यात कालवून फडक्यातून पिळला. तळाशी दुधासारखा पांढरा साका बसला. मका मोड आणून, वाळवून, दळून ठेवला. शनिवारी सकाळी ते भांडं मागायला स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"माझ्या रश्शाच्या भांड्यांना हात लावायचा नाही!" रुकेव्वेनं डाव उगारला. "मागच्या खेपेला साबण केलात. महिनाभर ताडफळांच्या रश्शाला फेस येत होता!"

"अगं, मग कशात करू?"

"कशातही करा. पण या घरात नको!"

मास्तरांना परसात एक कान तुटलेलं मोठं पातेलं दिसलं. त्यात त्यांनी साका शिजवला. चांगला डिंकासारखा घट्ट झाला. बोटाला सोसवेल इतका निवल्यावर मक्याचं पीठ घातलं, पातेलं जुन्या घोंगडीत गुंडाळलं. दुपारपर्यंत तो डिंक पाण्यासारखा पातळ झाला! मास्तरांनी तो गाळला, आटवला, बोट बुडवून चाटलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. गोड! खरोखर गोड! थोडा आटवायचा राहिला होता, पण एवढा आनंद एकट्यानं कसा सोसवणार? पातेल्यावर झाकण ठेवून ते प्रार्थनामंदिराकडे निघाले, काकूंना सांगायला.

आणि इथंच घात झाला. कारण ते कान तुटलेलं पातेलं रुकेव्वेचं खळीचं होतं. वीस वर्षं दर शनिवारी त्याच पातेल्यात खळ करून ती पास्टर ओनोमेंचा पांढरा झगा कडक करून देत असे. आमची मंडळी पांढऱ्या झग्यांची, अनवाणी पायांची. त्यात पास्टरांचा झगा म्हणजे रुकेव्वेची देवसेवा!

तिनं झाकण उघडलं. "अगंबाई! आज खळ करून ठेवली माझ्यासाठी! देवा, सुबुद्धी दिलीस हो या माणसाला!" मग जवळून पाहिलं. "पिवळट केलीय मेल्यानं!" तिनं पातेल्यात चांगली मूठभर नीळ ओतली आणि झगा बुडवला. निखाऱ्यांची इस्त्री फिरवताना खमंग वास सुटला. तिला वाटलं, शेजारी केळी तळताहेत.

मास्तर परतले तेव्हा झगा पास्टरांच्या घरी पोचला होता आणि पातेल्यात निळंशार पाणी हिंदकळत होतं.

"हे... हे काय?"

"तुमची खळ. झगा असा कडक झालाय, नुसता उभा राहतो! पण एजिरोचे बाबा, तुमचा तो पाक कुठाय?"

मास्तरांनी पातेल्यावर झाकण घातलं. "होईल," म्हणाले. आणि गप्प बसले! एक शब्द बोलले असते तर पुढचं टळलं असतं. पण दोनशे माणसांपुढे मारलेली बढाई घशात हाडासारखी अडकली होती.

रविवारी दमट उकाडा. पास्टर चकाकत आले आणि खुर्चीत बसले. भजनं झाली. प्रवचनाला ते उठले, तर खुर्चीही उठली!

पण आमचे पास्टर! एक ओळ बोलायची, तीन ओळी गायच्या, ढोलावर थाप पडली की स्वर्गाचं दार किलकिलं करायचं, अशा माणसाला खुर्चीनं काय होतंय? त्यांनी तान घेतली, "उचल बाबा, माझं ओझं उचल!" मागे खुर्ची डोलत होती. मंडळींनी पालुपद धरलं. घामानं पाक पाघळला. आशीर्वादाला वर केलेला हात डोक्याला चिकटला. तेवढ्यात खिडकीतून मधमाश्या आल्या. दोन, दहा, पन्नास! ढोलाला गुणगुण साथ मिळाली. पास्टर गिरकी घेत गात होते, खुर्ची धाडकन सुटली आणि मंडळी बेभान होऊन नाचू लागली. असं प्रवचन उघेलीनं कधी ऐकलं नव्हतं! देवाशपथ, एकही माशी चावली नाही.

उपासना संपली. झोबोची पिंपं उघडली. उफुओमाकाकू पळी घेऊन उभ्या. "मास्तर, पाक?"

मास्तर उठले. "पाक झाला होता. देवाची शपथ, गोड झाला होता. तो... तो पास्टरांच्या अंगावर आहे."

रुकेव्वेनं तोंडावर हात ठेवला. पास्टरांनी सावकाश आपली बाही तोंडाशी नेली आणि चाटली. पुन्हा चाटली.

"मंडळी," ते गंभीरपणे म्हणाले, "मास्तर खरं बोलतात. गोड आहे!"

हशा असा उसळला की माश्यासुद्धा निघून गेल्या. मास्तरांनी पुसायला रुमाल काढला, घाम की डोळे ते त्यांनाच ठाऊक.

"कौतुक पुरे!" काकू म्हणाल्या. "या दोन पिंपांचं काय करू? बाही बुडवू?"

तेव्हा रुकेव्वे उठली. बाकाखालून तिनं साखरेची भलीमोठी पिशवी ओढून काढली.

"तू साखर आणलीस?" मास्तर दुखावल्या सुरात म्हणाले. "कधी?"

"तुम्ही बढाई मारलीत ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी," ती पिशवी उलटी करत म्हणाली. "तीस वर्षं संसार केलाय तुमच्याशी."

मास्तर त्या दिवशी तीन पेले झोबो प्याले. तिसऱ्याला म्हणालेसुद्धा, "साखर जरा जास्तच झालीय." पण हळू, रुकेव्वेला ऐकू जाणार नाही इतपत.