पहिलवान

माणसाच्या आत काय चाललंय ते मी बावीस वर्षं बघतो आहे. दवाखान्यात एक्स-रे काढणं हे माझं काम. फासळ्या, मणके, कुणी गिळलेलं बटण, सगळं माझ्या नजरेखालून गेलंय. तेव्हा अंड्यात पिल्लू वाढतंय की नाही हे मला कळणार नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी माझ्या सासूबाईंशेजारी जाऊन बसावं. त्यांनाही तसंच वाटतं.

सासूबाई आपलं घर कायमचं बंद करून आमच्याकडे आल्या, त्या एक ट्रंक आणि एक खोकं घेऊन. खोक्यात उबवणीला आलेली खुडूक कोंबडी आणि तिची अंडी. या कोंबडीच्या पणजीपासून सगळ्या त्यांनी हाताने वाढवलेल्या. दुसऱ्याच दिवशी कोंबडी मेली. सासूबाई रडल्या नाहीत, पण जेवायच्या थांबल्या. घास चिवडायच्या आणि ताट सारायच्या. हे बघवेना, म्हणून मी शब्द देऊन बसलो, "आई, हिची पिल्लं मी काढून दाखवतो."

आमच्या कंपाउंडरच्या माळ्यावर उबवणीचं जुनं यंत्र पडून होतं, ते त्याच संध्याकाळी आणलं. सासूबाई म्हणाल्या होत्या, अंडी सहा आहेत. मी खोक्यातून काढली तर सात भरली. दुःखात माणूस मोजायला चुकतो, असं समजून मी सातही आत ठेवली.

आठव्या दिवशी तपासणी. पत्र्याच्या डब्यात बल्ब, डब्याला भोक, भोकावर अंडं धरायचं. अंधारासाठी बाथरूम. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मीही बघते, हातात घेतलं की मला कळतं. मी त्यांना नम्रपणे बाहेर काढलं. तपासणीच्या वेळी नातेवाईक आत नकोत, हा नियम मी बावीस वर्षांत एकदाही मोडलेला नाही.

"अहो, साधा बल्ब आहे तो," बायको बाहेरून म्हणाली.

"नियम म्हणजे नियम."

चार अंड्यांत लाल शिरांचं नाजूक जाळं दिसलं. दोन अगदी स्वच्छ, म्हणजे रिकामी. ती बाजूला काढली. सातव्यातून मात्र उजेड जाईचना. पूर्ण काळंभोर. माहितीपत्रकात लिहिलं होतं की पिल्लू जसजसं वाढतं तसतसं अंडं गडद दिसतं. म्हणजे हा पठ्ठ्या आठ दिवसांत बाहेर येण्याच्या, एकविसाव्या दिवसाला पोचलेला! आकारही इतरांपेक्षा मोठा. मी त्याचं नाव पहिलवान ठेवलं आणि त्याला यंत्रात मधोमध जागा दिली.

बाहेर आल्यावर सासूबाईंनी विचारलं, काय दिसलं? "रिपोर्ट उद्या," मी म्हणालो. सवयच ती. त्या पदर खोचून आत निघून गेल्या, आणि त्यांचं हे निघून जाणं किती वैताग आणतं ते जावई झाल्याशिवाय कळायचं नाही.

एकोणिसाव्या दिवशी भरदुपारी वीज गेली. यंत्र थंड पडायला लागलं. बायको पाणी तापवायला धावली. मी आधी पहिलवानला उचललं, आणि घाईत तो हातातून सुटून फरशीवर पडला. ठक्क! गडगडत स्टुलाखाली गेला. उचलून बघतो तर साधा तडाही नाही.

"बघितलंत?" मी म्हणालो. "कवच म्हणतात ते याला."

सासूबाईंनी अंड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं आणि मिटलं.

"जावईबापू," त्या शांतपणे म्हणाल्या, "हे तुम्हीच पोटाशी धरा. अजिबात हलू नका. बाकीची मी बघते."

पाच तास मी शर्टाच्या आत पहिलवान घेऊन उताणा पडलो होतो. शिंक आली ती गिळली. तिकडे सासूबाई चार अंडी शालीत गुंडाळून, खाली गरम पाण्याची पिशवी ठेवून बसल्या होत्या. मला त्यांची कीव आली. खरी जोखीम माझ्याकडे होती.

एकविसाव्या दिवशी चारही पिल्लं बाहेर आली. सासूबाईंनी एकेकाला तळहातावर घेतलं आणि किती दिवसांनी भाजी दुसऱ्यांदा मागून घेतली. मला आनंद झाला, पण पहिलवान? बाविसावा दिवस गेला. तेविसावा गेला. मोठ्या जिवाला वेळ लागतो, असं मी बायकोला समजावत राहिलो. पंचविसाव्या दिवशी मी बाथरूममध्ये डब्यावर धरून तेच काळंभोर पोट बघत होतो, तेव्हा सासूबाई सरळ आत शिरल्या. त्यांनी पहिलवान उचलला आणि नखाने खरवडला. पांढरा रंग निघाला. आत लाकूड.

"कोंबडीला अंडी घालायच्या जागेची सवय लागावी म्हणून खोक्यात ठेवते मी हे. पंधरा वर्षं झाली."

"मग त्याच दिवशी सांगायचं नाही का?" मी ओरडलोच.

"आधी तुम्ही आत येऊ दिलं नाहीत. आणि ते पडलं तेव्हा मला कळलं खरं, पण सांगितलं असतं तर तुमचे हात मोकळे झाले असते, जावईबापू. मग माझ्या चार अंड्यांचं काय झालं असतं?"

एवढं बोलून त्या पिल्लांना दाणे टाकायला गेल्या. जाताना पहिलवान माझ्याच हातात देऊन गेल्या. अजून गरम होता.